घरचा कोळसा

चैत्र लागला की माझं डोकं फिरतं. इतरांना मोगरा आठवतो, कैरीचं पन्हं आठवतं. मला भिजून आंबलेल्या गव्हाचा वास आठवतो आणि त्या वासाच्या मागोमाग राग येतो. कालच शेजारच्या वहिनींनी गच्चीवर कुरडयांसाठी जुनी साडी अंथरली आणि मला हाक मारली, "मॅडम, या ना हात लावायला." पेपर तपासायचेत असं सांगून मी घरात आले आणि खिडकी लावून घेतली. तपासायचा एकही पेपर उरलेला नव्हता.

कुरडई खाणाऱ्याला सोपी आणि करणारीला अवघड. गहू तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं आणि चौथ्या दिवशी सकाळी तो दळायचाच. मग चीक काढायचा, बसू द्यायचा, वरचं पाणी ओतून तो शिजवायचा आणि सोऱ्यानं पाडायचा. यात बाकी सगळं थोडं मागेपुढे चालतं, चौथा दिवस तेवढा चालत नाही. आमच्याकडच्या उन्हात भिजलेला गहू कुणासाठी थांबत नाही. दुपारी त्याचा वास उग्र होतो, उन्हं कलताना वर फेस येतो, आणि मग तो म्हशीपुढे टाकायलाही भीती वाटते.

हिंगोलीहून वाशीमकडे जाताना कनेरगाव नाका लागतो. तिथे ढाब्यांच्या रांगेच्या शेवटी आईची पत्र्याची खोली होती. आत दोन मशिनी, एक ओला गहू दळायची आणि एक शेवयांची. वडील गेल्यावर आईनं त्या मांडल्या आणि त्यांच्यावरच मला डी.एड.पर्यंत आणलं. फाल्गुन ते वैशाख एवढाच तिचा खरा हंगाम. खोलीपुढे बायकांच्या बादल्या आणि घमेली रांगेत, बायका लिंबाच्या सावलीत, आणि त्यांच्या बोलण्यात गावातल्या प्रत्येक सुनेचा समाचार. शेवयांचे ओले झुपके काठ्यांवर वाळत असायचे आणि त्यांखालून जाताना मान वाकवावी लागायची. मैद्याचा पांढरा भुगा आईच्या भुवयांवर बसायचा. मला ते सगळं आवडायचं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी कडूच बोलणार आहे.

लाईट जायची. कोणत्या भागात किती वाजता जाणार याचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं, पण लाईट बहुधा पेपर वाचत नसावी. मशीन अर्ध्या घमेल्यावर थांबली की सगळ्या बायका एकदम गप्प व्हायच्या आणि मग सगळ्या एकदम बोलायला लागायच्या.

आईला धाकटा भाऊ एकच, दिगंबरमामा. माहेर सेनगाव तालुक्यातलं गोरेगाव, घरात पिढ्यान्‌पिढ्या महादेवाची पूजा. मामांचं लहानपण बेल निवडण्यात गेलेलं. तीन पानांचा, न फाटलेला, न किडलेला बेल टोपलीत आणि बाकीचा बाजूला. एखादं भोक पडलेलं पान टोपलीत गेलं की आजोबा टोपली पालथी करून सगळं पुन्हा निवडायला लावायचे. ती नजर मामांच्या अंगात मुरली होती. सायन्स शिकून ते विदर्भात कोळशाच्या पट्ट्यातल्या एका वीज कंपनीत लागले. कंपनीचं नाव सांगत नाही, सांगून माझं काय भलं होणार आहे. वीज करण्यासाठी येणाऱ्या कोळशाचा नमुना काढायचा, तो जाळून त्यात राख किती आणि दगड किती ते बघायचं आणि रजिस्टरात लिहून खाली सही करायची, हे त्यांचं काम.

आधी ही कंपनी दुसऱ्यांच्या खाणींतला कोळसा विकत घ्यायची. मग तिला स्वतःची खाण मिळाली. मामांना त्याचा कोण आनंद! "आक्का, आतापर्यंत दुसऱ्याच्या विहिरीवर मोट मारून राहिलो होतो आमी," ते आईला म्हणाले होते. "आता विहीरच आपली. कोळसा कमी पडायचा सवाल न्हाई." ती खाण ज्यांच्या शेतात निघाली, त्यांचं त्यात काय आपलं झालं, हे मामांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. लाईट येणार म्हटल्यावर कोण विचारतं?

हिंगोली नुकताच जिल्हा झाला होता, त्या सालची ही गोष्ट. पाडव्याच्या आधी मामांचं पत्र आलं. इकडची ख्यालीखुशाली, मामी बरी, पोरी बऱ्या, आणि शेवटी एक ओळ: दिवाळीपासून घरचा कोळसा सुरू झाला आहे, या उन्हाळ्यात लाइटीची फिकीर करू नको. आईनं ती ओळ रांगेतल्या बायकांना वाचून दाखवली, एकदा नव्हे, येईल तिला. "माझा भाऊ तिथं हाय. तो उगंच लिहीत न्हाई." आणि तिनं एरवी कधी केलं नसतं ते केलं. एरवी ती एका दिवशी दोनच घरांना गहू भिजवायला सांगायची. त्या वेळी तिनं अकरा घरांना एकाच दिवशी भिजवायला सांगितलं.

चौथ्या दिवशी सकाळी लाईट गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली.

आता मी शाळेत पोरांना शिकवते की राज्यातली सगळी वीज एका जाळ्यात येते, एखाद्या केंद्राची वीज पाटाच्या पाण्यासारखी एखाद्या गावात जात नाही. मामांना हे ठाऊक असणार. तरी त्यांनी ती ओळ लिहिली, कारण त्यांचा कंपनीवर जीव होता, आणि आपल्या माणसावर जीव असला की शहाणा माणूससुद्धा असंच लिहून जातो. अकरा घरांचा गहू नाक्यामागच्या नाल्यात ओतला गेला. दोन दिवस आमच्या खोलीपर्यंत त्याचा वास येत होता. बायका आईला वाईट बोलल्या नाहीत, हेच तिला जास्त लागलं. ती त्या दिवशी जेवली नाही.

आणि त्याच आठवड्यात मामा आले, भर दुपारी वाशीमच्या गाडीनं. हातात एकच पिशवी. गाडीतून उतरताच लिंबाखालच्या बायकांनी त्यांना ओळखलं. "काय हो दिगंबरराव, तुमचा कोळसा भिजला काय?" मामा हसले नाहीत. आत येऊन माठातलं पाणी प्याले आणि आईला म्हणाले, "पंधरा दिवस हाय मी इथं. काहून, ते इचारू नको."

आईनं विचारलं नाही. दोन दिवसांनी त्यांनीच सांगितलं. आई सुपात गहू घेऊन खडे वेचत होती. मामांनी तिच्या पोत्यातले चार ओंजळी गहू अंथरलेल्या जुन्या साडीवर ओतले, त्याचा ढीग केला, तळहातानं ढीग दाबून भाकरीएवढा चपटा केला आणि बोटानं त्यावर आडवी-उभी रेघ मारून चार भाग केले. समोरासमोरचे दोन भाग बाजूला सारले, उरलेल्या दोहोंचा पुन्हा ढीग, पुन्हा चार भाग. असं करत करत शेवटी मूठभर गहू उरला. "ही मूठ म्हंजी सगळं पोतं," ते मला म्हणाले. "हिच्यात दोन खडे असले तर पोत्यात किती, ते बराबर सांगता येतं. कोळशाचं बी असंच करायचं, फकस्त फावड्यानं."

मग त्यांनी कंपनीची गोष्ट सांगितली. कोळसा विकतचा होता तेव्हा नमुना काढताना दोन माणसं उभी असत, एक विकणाऱ्याचा आणि एक घेणाऱ्याचा, म्हणजे मामा. त्या मुठीच्या तीन पुड्या व्हायच्या. एक विकणाऱ्याची, एक कंपनीची, आणि तिसरी दोघांच्या सह्यांनी मोहोरबंद, भांडण लागलं तर फोडायला. भांडण रोज लागायचं. विकणारा म्हणायचा कोळसा सोनं आहे, मामा म्हणायचे अर्धा दगड आहे, आणि ओरडाआरडीतून खरं काय ते बाहेर यायचं. खाण घरची झाली तेव्हा आधी तिसरी पुडी बंद झाली, भांडायचं कुणाशी म्हणून. मग दुसरा माणूस बंद झाला. उरले एकटे मामा. आणि घरच्या कोळशात दगड विकतच्यापेक्षा जास्त निघायला लागले, कारण लवकर माल काढायच्या घाईत मातीचा आणि दगडाचा थर वेगळा करायला कुणी थांबत नव्हतं.

मामा खरं लिहायचे. खाणीच्या साहेबाला मात्र वर दाखवायचं होतं की आपला कोळसा विकतच्यापेक्षा सरस आहे. म्हणून तीन महिन्यांचं नवं रजिस्टर तयार झालं. आकडे सगळे चांगले, नीट अक्षरात भरलेले. सहीचा रकाना तेवढा रिकामा. मामांनी सही केली नाही. त्यांना ओरडलं नाही कुणी. घरी जा, पंधरा दिवस विचार करा, एवढंच सांगितलं. पंधराव्या दिवशी सही नसेल तर नोकरी नाही. नोकरी नाही तर क्वार्टर नाही, आणि दोन्ही पोरी, एक नववीत, एक दहावीत, कंपनीच्याच शाळेत. गोरेगावला परत जावं तर पूजेची पाळी कधीच चुलतभावाकडे गेलेली.

"करू का सही, आक्का?" मामांनी विचारलं. आई खडे वेचत राहिली. वेचता वेचताच म्हणाली, "मला कळत न्हाई, दिगू."

मला तेव्हा सगळ्यांचाच राग येत होता. एकोणीस वर्षांची होते. मामांचा राग, त्यांनी ती ओळ लिहिली म्हणून. आईचा राग, तिनं ती वाचून दाखवली म्हणून. आज मला राग येतो तो 'आपलं' या शब्दाचा. दुकानातून आणलेला गहू आपण मुठीत घेऊन फुंकतो, दाताखाली धरून बघतो, दुकानदाराशी दोन शब्द बोलतो. घरच्या शेतातला म्हटला की पोतं तसंच कोठीत ओततो. घरचं आहे म्हटलं की डोळे मिटून घ्यायची आपल्याला सवयच आहे, मग ते धान्य असो, जावई असो की पुढारी. कंपनीनं ही सवय फक्त मोठ्या प्रमाणावर केली आणि तिला इंधनसुरक्षा असं भारदस्त नाव दिलं.

पंधरा दिवस व्हायच्या आतच जीप आली. दुपारचे दोन-अडीच वाजले असतील, लाईट नव्हती आणि लिंबाखाली सात-आठ बायका बादल्या घेऊन बसल्या होत्या. जीपमधून खाणीचे साहेब उतरले. पांढरा शर्ट, हसरा चेहरा, बगलेत रजिस्टर. वाईट माणूस कसा ओळखावा हे मला त्या वयात ठाऊक होतं असं मला वाटायचं, आणि हे साहेब तसे मुळीच दिसत नव्हते. त्यांनी आईला नमस्कार केला, तिच्या हातची कोरडी कुरडई मोडून खाल्ली आणि छान म्हणाले. खोलीत उकडत होतं म्हणून बाज बाहेर काढली. त्यामुळे पुढचं सगळं बायकांदेखत झालं.

"दिगंबरराव, उगाच ताणू नका," साहेब म्हणाले. "खाण आपली, केंद्रही आपलंच. या खिशातलं त्या खिशात. यात फसवणूक कुणाची होते, ते मला सांगा."

बोलली ती जमनाबाई. जमनाबाई जवळच्या तांड्यावरची, कपाळावर गोंदण, आणि गहू नाल्यात ओतावा लागलेल्या अकरा घरांत तिचंही घर. तिच्या आज्याच्या बापाकडे म्हणे दीडशे बैल होते, मीठ आणि धान्य वाहायचे.

"सायेब, आमी परक्याचा माल वाहिला," ती बसल्या जागेवरून म्हणाली. "गोण भरताना धनी उभा राहायचा, उतरवताना घेणारा उभा राहायचा. दोघं भांडायचे तवा माप बराबर निघायचं. तुमचं तर धनी बी तुमी आन्‌ घेणारे बी तुमीच. मंग माप कोण बघून राहिलं?"

साहेब मोकळेपणानं हसले. "बाई, म्हणून तर दिगंबररावांसारखी माणसं ठेवलीत आम्ही." आणि त्यांनी रजिस्टर उघडून बाजेवर ठेवलं.

सगळ्या बायका मामांकडे बघत होत्या. मामा रजिस्टराकडे. आई दारात, हाताला पीठ लागलेलं, तिला वाटत असणार की तिनं एक शब्द काढला तर तो आयुष्यभर तिच्या डोक्यावर राहील. तिनं तो काढला नाही. तो मी काढला. मला त्या बायकांची लाज वाटत होती, रस्त्यावरून जाणारे थांबून बघत होते त्याची लाज वाटत होती, मामेबहिणींची शाळा सुटेल याची भीती वाटत होती, आणि सगळ्यात जास्त म्हणजे मला ते एकदाचं संपायला हवं होतं.

"मामा, करून टाका सही," मी म्हणाले. "आपल्याच घरातलं हाय म्हणून राहिले ना सायेब. कुणाचं काय बिघडणार हाय?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरलेली नाही, पण तिच्यात काय होतं ते आजही मला सांगता येत नाही. सुटका होती की काय, असं कधी कधी वाटतं. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि पानामागून पान सह्या केल्या. जवळजवळ शंभर असतील. उन्हात शाई लगेच वाळत होती. साहेबांनी रजिस्टर मिटलं, मामांच्या खांद्यावर हात ठेवला आणि चहा न घेता गेले. जमनाबाईनं बादली उचलली. "चल गं, लाईट काय येत न्हाई आता," ती सुनेला म्हणाली आणि दोघी तांड्याच्या वाटेनं गेल्या. लाईट त्या दिवशी आलीच नाही.

मामा दुसऱ्या दिवशी गेले. पोरी शिकल्या, दोघींची लग्नं झाली, क्वार्टर शेवटपर्यंत राहिलं. आईनं पुढे दोन-तीन वर्षं मशिनी चालवल्या आणि मग विकून टाकल्या. त्या पत्र्याच्या खोलीच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. आई माझ्याकडे असते आणि बाजारातून आणलेल्या कुरडया मुकाट्यानं तळून खाते. हे सगळं मी आतापर्यंत असं सांगत आले की आमच्या घरावर एक अडचण आली होती आणि ती टळली. सांगताना कंपनीला चार शिव्या दिल्या की मला बरंही वाटायचं.

गेल्या चैत्रात मामा आमच्याकडे आले. मुदतीआधीच नोकरी सोडून ते गोरेगावला येऊन राहिलेत. केस सगळे पांढरे. आई देवदर्शनाला गेली होती, आम्ही दोघंच होतो. चहा पिता पिता मी सहज म्हणाले, "मामा, त्या रजिस्टराचं पुढं काय झालं हो?" त्यांनी कप खाली ठेवला. मग जे सांगितलं ते माझ्याकडे न बघता सांगितलं.

सह्यांनंतर दोन वर्षं कोळसा तसाच येत राहिला आणि मामा चांगले आकडे लिहीत राहिले. एकदा केलेली सही पुन्हा करायला जड जात नाही, म्हणाले. कोळसा भट्टीत जाण्याआधी त्याचं पीठ करणारी एक मोठी चक्की असते. एका दुपारी दगडांनी ती चक्की मोडली. आतले लोखंडी गोळे फुटले, केंद्राचा तो भाग कितीतरी दिवस बंद राहिला. चौकशी बसली. चौकशीनं मामांचं रजिस्टर मागवलं. कोळसा उत्तम, दगड जवळजवळ नाहीच, खाली सही. म्हणजे दोष कोळशाचा नव्हता. मग तो चक्कीवर उभ्या असलेल्या माणसाचा होता. शंकर त्याचं नाव, वऱ्हाडातला, पंधरा वर्षं त्याच चक्कीवर. निष्काळजीपणा म्हणून त्याला काढून टाकलं.

"तो भांडायला येईल असं वाटलं होतं मला," मामा म्हणाले. "आला असता तर बरं झालं असतं. क्वार्टरच्या दारात उभा राहिला. आत ये म्हटलं तर आला न्हाई. म्हणाला, 'बाबूजी, तुमी नमुना काढता. खरं सांगा, कोळशात दगड होता का? मले नोकरी नाही मागायची. माह्या हातानं चक्की मोडली का, एवढं सांगा. झोप नाही येत मले.'"

बाहेर वहिनींच्या गच्चीवर कुणीतरी कावळे हाकलत होतं. मामा तिकडे बघतच पुढे बोलले.

"मी म्हणलं, कोळसा चांगला होता. दुसरं काय म्हणणार? रजिस्टरात तसंच होतं. तो म्हणाला, 'मंग माहीच चूक असन.' आन्‌ वाकून माझ्या पाया पडला, सुमे. मी पडू दिलं."